नव्या योजना : पुलाचा पालक

ह्या सदराचे नावच 'नव्या योजना' असल्यामुळे वाचकांकडून आम्हांस ज्या सूचना येतात, त्या बहुतेक सर्व काहीतरी नवे निर्माण करण्याच्या असतात. कोणी नारळ खवण्याचे सोपे यंत्र सुचवितो, कोणी वृद्धांस औषधाच्या वेळेची आठवण देणारी डबी, कोणी गावोगाव फिरणारे वाचनालय. ह्या सूचना वाचताना मन प्रसन्न होते. मराठी माणसाचे डोके ह्या बाबतीत कधीच मागे नव्हते. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) ह्यांनी वाण्याच्या दुकानातील माल आपोआप जोखून देणाऱ्या यंत्राची कल्पना लढवून विलायतेतील स्पर्धेत गोऱ्या शोधकांस मागे टाकले, आणि पुढे छापखान्याचे खिळे पाडण्याच्या यंत्रासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली. अशा माणसांच्या वंशात आपण आहो, तेव्हा कल्पनांचा तुटवडा आपल्याकडे पडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. जे आहे ते नीट राहावे, ह्यासाठी काही नवीन युक्ती सुचविणारे पत्र फार क्वचित येते. जणू काय एकदा वस्तू निर्माण झाली की बुद्धीचे काम संपले, आणि उरलेले काम गड्याचे! आज आम्ही ह्या दुसऱ्या प्रकारच्या योजनेविषयी लिहिणार आहो, आणि त्यासाठी वाचकांस पुणे जिल्ह्यातील आंबवडे ह्या गावी घेऊन जाणार आहो.

भोरहून रायरेश्वराच्या रोखाने निघाले म्हणजे आंबवडे लागते. गाव लहान, परंतु इतिहासाने भारलेले. कान्होजी जेधे आणि जिवा महाला ह्यांच्या समाध्या ह्याच गावी आहेत. झाडीत दडलेले नागेश्वराचे जुने देवालय आहे. भोरच्या सचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण ह्यांची समाधीही येथेच आहे. ताराबाईंच्या पदरी राहून शपथ पाळावी की परत आलेल्या शाहू महाराजांस मानावे, ह्या पेचात सापडलेल्या ह्या मुत्सद्द्याने १७०७ साली देह ठेवून त्या पेचातून सुटका करून घेतली, असे परंपरा सांगते. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यावर काय म्हणावयाचे ते म्हणावे. देवालयाच्या शांत आवारात उभे राहिले असता ती हकीकत खोटी वाटत नाही, एवढे मात्र खरे.

ह्या सर्व पवित्र स्थळांकडे जाण्याची वाट एका झुलत्या पुलावरून जाते. तो भोर संस्थानच्या पंतसचिवांच्या अमदानीतला आहे. संस्थान १९४८ साली विलीन झाले, त्याच्या पूर्वीचा. दोन्ही काठांवर खांब, त्यांवरून गेलेले पोलादी दोर, दोरांना टांगलेला पायरस्ता, आणि खाली ओढ्याचे पात्र. भोरची सहल करणारे लोक तो पाहावयास जातात, छायाचित्रे घेतात, आणि पूल हलला की मुलेबाळे किंचाळतात. आम्हांस मात्र ह्या पुलाकडे गमतीची वस्तू म्हणून पाहवत नाही. त्या काळच्या एका लहानशा संस्थानाने एका लहानशा खेड्यासाठी योजलेली ती एक अस्सल नवी कल्पना होती, आणि तिच्यामागे फार शहाणा विचार होता.

तो विचार समजण्यासाठी भोर-वेल्ह्याचा पावसाळा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. सह्याद्रीच्या कुशीतील हा मुलूख. वैशाखात ज्या ओढ्यातून वासरू कोरड्या खुरांनी जाते, त्याच ओढ्याने आषाढात गावाचे दोन तुकडे करावेत, ही येथली रीत. अलीकडची वाडी आणि पलीकडची वाडी ह्यांत हाकेचे अंतर. परंतु पाणी चढले म्हणजे तेच अंतर कोसांचे होते. शाळा पलीकडे, दूध घालावयाचे ते पलीकडे, दवाखान्याकडे जाणारी एस.टी. पलीकडे. घाटाखाली कोकणात अशा ठिकाणी लाकडाचे किंवा बांबूचे साकव घालतात. परंतु साकव दरसाल नवा बांधावा लागतो, आणि एखाद्या रात्री तो वाहून गेला म्हणजे सकाळी शाळेला निघालेली पोरे काठावर उभी राहतात. दगडी कमानींचा पूल बांधावा तर खर्च संस्थानास पेलणारा नाही, आणि शिवाय त्याचे खांब पाण्यात उभे करावे लागतात.

पाण्यातील खांब म्हणजे काय संकट असते, हे आपण २०१६ साली पाहिले आहे. त्या वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल महापुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने अंधारात थेट नदीत गेली. भोरचा वरंधा घाट उतरले की महाडच लागते. तेव्हा ही गोष्ट आंबवड्याला दूरची नाही. पूर जेव्हा येतो तेव्हा नुसते पाणी येत नाही. झाडांचे बुंधे, दगडगोटे, सर्व काही येते आणि खांबांवर आदळते, बुडाखालची माती उकरते. झुलत्या पुलाला पाण्यात पायच नसतो. पूर त्याच्या खालून निघून जातो. थोडे पोलाद, दोन काठांवर पक्के बांधकाम, आणि माणसाच्या पायापुरती वाट, एवढ्या भांडवलावर बारमाही दळणवळण! हाच तो शहाणपणा.

मात्र ह्या शहाणपणाची एक अट आहे, आणि ती आपल्या घरातील झोपाळ्यावरून उत्तम समजते. झोपाळा ज्यांच्या घरी आहे त्यांस सांगावयास नको. फळी शिसवी आहे की सागवानी, कड्या पितळी आहेत की लोखंडी, ह्याचे कौतुक सर्वांस असते. परंतु सर्व भार ज्या चार जागांवर येतो, त्या तुळईतल्या आकड्यांकडे मान वर करून कोणी पाहत नाही. आकडा झिजतो तो दिसत नाही अशा ठिकाणी, कडी जेथे घासते तेथे, आतल्या अंगाने. झुलत्या पुलाचे तसेच आहे. पायाखालची फळी कुजली तर ती सर्वांस दिसते आणि गावकरी ती बदलतातही. पुलाचा जीव मात्र फळीत नसतो. तो असतो मुख्य दोरांत, दोर आवळणाऱ्या पकडींत, फळ्यांना वर धरणाऱ्या लोंबत्या सळयांत, आणि सर्वांत अधिक, दोर जेथे काठावरच्या चौथऱ्यात शिरतो त्या जागेत. तेथे पालापाचोळा साठतो, ओल राहते, आणि गंज चढतो. वरून रंग दिलेला असला म्हणजे तर पाहणाऱ्याची पूर्ण फसवणूक होते.

गुजरातेत मोरबी येथे मच्छू नदीवर असाच एक संस्थानी झुलता पूल होता. एकोणिसाव्या शतकात तेथील ठाकोरसाहेबांनी बांधविलेला, गावाचे भूषण. डागडुजीसाठी तो काही महिने बंद होता. २०२२ च्या ऑक्टोबरात गुजराती नववर्षाच्या दिवशी तो पुन्हा उघडला, आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी, माणसांनी भरलेला असता तुटला. १३० हून अधिक माणसे गेली. त्यांत कितीतरी लहान मुले होती. मागाहून चौकशी झाली. मुख्य दोर सात पेडांचा, प्रत्येक पेडात सात तारा, अशा एकूण ४९ तारांचा होता. त्यांपैकी २२ तारा अपघातापूर्वीच गंजून गेलेल्या होत्या, असे चौकशी पथकास आढळले. हा आकडा वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध होतो. ४९ पैकी २२! म्हणजे जवळजवळ अर्धा दोर नव्हताच. डागडुजीच्या काळात पायरस्ता नवा घातला होता; दोर जुनाच ठेवला होता. झोपाळ्याची फळी चकचकीत केली आणि आकड्याकडे कोणी पाहिले नाही, दुसरे काय?

दुसरी हकीकत आपल्याच जिल्ह्यातली. १५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल सहलीला आलेल्या गर्दीच्या भाराने कोसळला. चार माणसे गेली, पन्नासांहून अधिक जखमी झाली. तो काही झुलता पूल नव्हता. परंतु रोगाचे निदान तेच. पूल धोक्याचा आहे हे गावाला ठाऊक होते. तसा फलकही तेथे होता. फलक वाचणारा मनुष्य मागे फिरेल, अशी त्या फलकाची समजूत असावी. शेकडो माणसे आली, मोटारसायकली आल्या, आणि 'पुरे, आता आणखी कोणी चढू नका' असे म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे असा एकही मनुष्य तेथे उभा नव्हता.

झुलत्या पुलावर किती माणसे आहेत एवढ्यानेच भागत नाही. ती कशी चालतात हेही पाहावे लागते. इंग्लंडात १८३१ साली ब्रॉटन येथे सैनिकांची एक तुकडी ठेका धरून अशा पुलावरून चालली, पूल त्या ठेक्यात डोलू लागला आणि कोसळला. त्यानंतर पलटणींनी पुलावर पावले मोडून चालावे, असा दंडक पडला. १८५० साली फ्रान्सात आंझे येथे वादळी हवेत एक पलटण जात असता तसाच प्रसंग घडला आणि दोनशेहून अधिक सैनिक बुडाले. तेथे पावले मोडून चालण्याचा हुकूम होता असे म्हणतात, परंतु हलत्या पुलावर तोल सावरताना सगळ्यांची पावले आपोआप एका ठेक्यात पडली, आणि चौकशीत दोराचे टोकही गंजलेले निघाले. पुलावर मुद्दाम उड्या मारून तो हलविणारे जे तरुण आज सहलीला जातात, त्यांच्या मातापित्यांनी ही हकीकत जेवणाच्या पंगतीत एकदा अवश्य सांगावी.

आंबवड्याच्या पुलाच्या आजच्या प्रकृतीविषयी मत देण्याचा अधिकार आमचा नव्हे. तो अभियंत्याचा आहे. आम्ही विचारतो तो प्रश्न निराळा. आंबवड्यालाच नव्हे, तर अशा कोणत्याही गावी जाऊन विचारावे की, 'ह्या पुलाचा मालक कोण?' तर उत्तर मिळते: सरकार, नाही तर जिल्हा परिषद, नाही तर ग्रामपंचायत. 'ह्याला तेलवंगण कोण देतो?' असे विचारले, तर ज्याला विचारावे तो दुसऱ्याकडे पाहतो.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस ह्यात नवल वाटणार नाही. चार बिऱ्हाडांचे घर असले म्हणजे ज्याच्या त्याच्या खोलीची भिंत पांढरी असते आणि सामायिक जिन्याचा कठडा खिळखिळा असतो. तथापि ज्या घरांत हे नीट चालते, त्यांचे रहस्यही आपणांस ठाऊक आहे. तेथे कामाला नाव चिकटलेले असते. देवाची पूजा अमक्याकडे, विहिरीच्या रहाटाची देखरेख तमक्याकडे, दिवेलागणीच्या वेळी दाराची कडी लावणे आत्याबाईंकडे. ते काम मोठे असते असे नाही. परंतु रहाट कुरकुरला की सगळ्यांची मान एकाच माणसाकडे वळते, आणि तो मनुष्य लाजेने का होईना, उठतो. सामायिक मालकी आणि एकट्याची जबाबदारी, ही जोडी जमली की घर टिकते.

ह्याच तत्त्वावर आमची योजना उभी आहे. प्रत्येक जुन्या पादचारी पुलास, मग तो झुलता असो, लोखंडी असो की मोठा साकव असो, एक नावनिशीवार 'पालक' असावा. समिती नव्हे, एक मनुष्य. समिती त्याच्या पाठीशी असावी. परंतु पुलावर रंगाने जे नाव लिहावयाचे ते एकाचेच, आणि बांधणाऱ्याच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत. त्याने अभियंता असण्याची गरज नाही. दोर, पकडी, सळया, फळ्या, कठडा आणि चौथरे ह्यांकडे ठराविक क्रमाने पाहणे, सैल झालेले आवळणे, वंगण देणे, दोराच्या मुळाशी साठलेला पाला-माती काढणे, आणि जे आपल्या हातचे नाही ते वहीत लिहून तत्काळ वर कळविणे, एवढेच त्याचे काम. वर्षातून दोन वेळा मोठी पाहणी: एक अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे मृग लागण्यापूर्वी दुरुस्तीला महिनाभर हाती राहतो, आणि दुसरी नवरात्रानंतर, पावसाने काय केले ते पाहण्यासाठी. एरवी आठवड्यातून एक फेरी पुरे. ही वही ग्रामपंचायतीत कुलपात न ठेवता, शाळेत किंवा देवळात, कोणालाही उघडून पाहता येईल अशी ठेवावी. ज्या वहीत गेल्या अक्षय्य तृतीयेचे पान कोरे आहे, ती वही स्वतःच ओरडून सांगेल.

पालकाचा दुसरा अधिकार थांबविण्याचा. पुलावर एका वेळी किती माणसे, हा आकडा अभियंत्याने ठरवून द्यावा. तो पाळविणे पालकाकडे. यात्रेच्या दिवशी, सलग सुट्टीच्या दिवशी, दोन्ही टोकांस एकेक स्वयंसेवक उभा करावा. श्रावणी सोमवारी नागेश्वराकडे जाणाऱ्या भाविकास दहा मिनिटे थांबावे लागले तर देव रागावणार नाही.

पालक पुरुषच असावा असे मानण्याचे कारण नाही. उलट, आम्हांस वाटते की हे काम गावातील एखाद्या बाईकडे असावे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांतील कर्ते पुरुष कित्येक वर्षांपासून पुण्यामुंबईस चाकरीला आहेत. पुलावरून दिवसातून चार वेळा जाणेयेणे होते ते बायकांचे आणि पोरांचे. डोक्यावर भारा घेऊन जी पुलावरून चालते, तिला कोणती फळी वाकते हे पायाला कळलेले असते. शिवाय ह्या भागात बचत गटांमुळे हिशेबाची वही लिहिण्याची सवय पुष्कळ स्त्रियांस झाली आहे, आणि दर महिन्याच्या बैठकीत कोणाचा हप्ता राहिला हे चारचौघींत विचारण्याचे धैर्यही आले आहे. पुलाच्या वहीला ह्याहून निराळे काय लागते?

आता पैशाचा प्रश्न. वंगण, चार पकडी, सळया, तारेचा कुंचला आणि पालकास द्यावयाचे अल्प मानधन, हा खर्च एखाद्या मध्यम घरच्या मुंजीच्या एका पंगतीहून कमीच राहील. तो काढावा कोठून? पहिली सूचना सहज सुचते ती पुलावर तिकीट लावण्याची. ही सूचना आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारण मोरबीत सापडते. त्या पुलावर तिकीट होते. जो तिकिटे विकतो त्याला गर्दी हवी असते; ज्याला गर्दी हवी असते त्याच्या हाती गर्दी थांबविण्याचा अधिकार देणे म्हणजे बोक्याला शिंक्याची राखण सांगणे होय. पालकाचे मानधन असे असले पाहिजे की पुलावर दहा माणसे आली काय आणि हजार आली काय, त्याला एक पैसा कमी नाही की अधिक नाही.

ह्यासाठी आपल्याकडे दोन जुन्या युक्त्या आहेत, आणि दोन्ही ऐन मराठी डोक्यांतून निघालेल्या आहेत. पहिली अंताजी दामोदर काळे ह्यांच्या पैसा फंडाची. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, परंतु सर्वांनी द्यावा, ही त्यांची कल्पना. लोक प्रथम हसले असतील. परंतु लोकमान्यांनी ती उचलून धरली, स्वयंसेवक पेट्या घेऊन फिरले, आणि १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. दात्याला ओझे न वाटेल इतकी लहान वर्गणी आणि तिची न चुकणारी पाळी, हे त्या योजनेचे बळ. दुसरी युक्ती महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांची. स्त्रीशिक्षणाच्या कार्यामुळे त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्याही आधी, तरुणपणी, त्यांनी आपल्या गावासाठी 'मुरूड फंड' काढला होता हे फार थोड्यांच्या लक्षात असते. कोकणातला मनुष्य पोटासाठी मुंबईला जातो. तो गावाला विसरू नये म्हणून त्याने आपल्या प्राप्तीतला अल्पसा भाग गावच्या सुधारणेकडे लावावा, असा तो बेत. पुढे वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, १९३६ साली, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी मंडळ स्थापिले आणि त्याच्या वर्गणीसाठी स्वतः दारोदार फिरले. थोडे मागावयाचे, पुष्कळांकडे मागावयाचे, आणि पुन्हा पुन्हा मागावयास लाजावयाचे नाही!

भोर, वेल्हे, मावळ, मुळशी ह्या भागांतून निघून पुण्यामुंबईत, आणि आता तर अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात, स्थायिक झालेली किती घराणी आमच्या वाचकांत आहेत! कोणाचे कुलदैवत तिकडे आहे, कोणाचे पडके घर, कोणाची नुसती सातबाऱ्यावरची ओळ. ह्या मंडळींस गावासाठी काहीतरी करावेसे वाटते, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु देणगी द्यावयाची म्हटली की देवळाचा कळस, सभामंडपाची फरशी किंवा प्रवेशद्वाराची कमान डोळ्यांपुढे येते, कारण तेथे संगमरवरी पाटी बसते. वंगणाच्या डब्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही, ही खरी अडचण आहे. आमचे म्हणणे इतकेच की, अशा एखाद्या घराण्याने आपल्या गावच्या एका पुलाचा वार्षिक देखभालखर्च कायमचा उचलावा. ज्या वर्षी घरात मंगलकार्य असेल त्या वर्षी आहेराच्या यादीत एक ओळ पुलासाठी असावी. आणि कुटुंबाने वर्षातून एकदा गावी जाऊन ती वही उघडून पाहावी. देणगीची पावती मागावयाची ती हीच.

ह्यावर एक आक्षेप निश्चित येईल: हे सरकारचे काम आहे; कर आम्ही भरतोच; मग हे दुसरे कशासाठी? आक्षेप योग्य आहे. मुख्य दोर बदलणे, भारक्षमता तपासणे, धोक्याचा पूल बंद करून नवा बांधणे, हे सरकारचेच काम आहे आणि ते सरकारकडूनच करवून घेतले पाहिजे. परंतु सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता एका तालुक्यातील रस्ते, मोऱ्या आणि इमारती सांभाळता सांभाळता त्या पुलाकडे कधी पोहोचेल, हे त्याच्या हातात नसते. दोराच्या मुळाशी लाल पाणी झिरपू लागले, हे त्याला कळविणारा कोणीतरी गावात हवा. आमचा पालक सरकारला मोकळे सोडण्यासाठी नाही, सरकारच्या दारावर तारखेसह कागद नेऊन ठेवण्यासाठी आहे. 'आम्हांस कोणी कळविले नाही' हे वाक्य अपघातानंतर प्रत्येक वेळी ऐकू येते. पालकाच्या वहीपुढे ते टिकणार नाही.

हे सर्व कल्पनेतलेच आहे असे कोणी समजू नये. नेपाळात स्विस लोकांच्या साहाय्याने गेल्या काही दशकांत डोंगरदऱ्यांवर हजारो झुलते पादचारी पूल झाले. तेथे पूल बांधण्यापूर्वी गावकऱ्यांची उपभोक्ता समिती होते, गाव आपले श्रम देते, आणि पुढची नित्याची देखभालही गावाकडेच असते. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असल्यास कर्नाटकात सुळ्याचे गिरीश भारद्वाज ह्यांचे आहे. हे यंत्रशास्त्राचे अभियंते. १९८९ साली जवळच्या अरंबूर गावच्या लोकांनी पयस्विनी नदीवर पूल हवा म्हणून त्यांना गळ घातली. त्यांनी झुलता पूल बांधून दिला, गावकरी अंगमेहनतीला उभे राहिले. तेव्हापासून त्यांनी शंभरावर असे पूल बांधले आणि २०१७ साली त्यांस पद्मश्री मिळाली. जी कल्पना आंबवड्यात एका संस्थानिकाने एकदा वापरली, ती तेथे एका गृहस्थाने शंभर वेळा वापरली. सह्याद्रीच्या आपल्या बाजूस पाऊस काही कमी पडत नाही आणि ओढेही कमी नाहीत. मग आपल्याकडे एकच आंबवडे लोकांनी सहलीला जाऊन पाहावे, ही स्थिती का असावी? ह्या प्रश्नाचा विचार करताना आमचे मन पुन्हा देखभालीकडेच वळते. ज्या गावाने जुना पूल निगुतीने राखला, त्या गावाने शेजारच्या वाडीसाठी दुसरा मागितला तर अधिकाऱ्यास 'नाही' म्हणणे जड जाते.

अभियांत्रिकी विद्यालयांचाही ह्यात उपयोग करून घेता येईल. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १८५४ पासूनची. आता तर भोर तालुक्यातही अशी विद्यालये आहेत. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांस पुलाचे गणित फळ्यावर शिकविले जाते. दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या पाहणीला प्राध्यापकासह चार विद्यार्थी येऊन दोराची झोळ मोजून गेले, तर पालकास आधार मिळेल आणि विद्यार्थ्यांस गंज म्हणजे काय ते हाताला लागेल. झोळ एका वर्षात वाढली असेल तर दोर कोठेतरी ताणला किंवा सरकला आहे, हे त्या साध्या मोजमापावरूनही समजते. ह्यासाठी फार महागडी उपकरणे लागत नाहीत. लागतो तो दरसाल त्याच जागी, त्याच रीतीने घेतलेला आकडा, आणि मागच्या वर्षीचे पान.

ज्या वाचकांच्या मूळ गावी असा झुलता किंवा लोखंडी पादचारी पूल असेल, त्यांनी आम्हांस एक कार्ड टाकावे. त्यावर गाव व तालुका, पूल कोणत्या पाण्यावर आहे, तो अदमासे केव्हाचा, दिवसाकाठी किती माणसे जातात, आणि शेवटचे वंगण कोणी व केव्हा दिले, एवढे लिहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गावातल्या म्हाताऱ्या मंडळींस विचारल्यावाचून देऊ नये. आलेली माहिती तालुकावार लावून वैशाखाच्या अंकात छापण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी पत्रे माघअखेरपर्यंत पोहोचली पाहिजेत.